दोन बॅटऱ्यांच्या गाडीतला वीजचोर कसा शोधायचा

बस, ट्रक, आपल्या शाळेचा थ्री-टनर अशा मोठ्या गाड्यांच्या बॅटरीच्या पेटीचं झाकण उघडलं की आत एक नाही, तर दोन बॅटऱ्या शेजारीशेजारी बसलेल्या दिसतात. माझ्या हाऊसमधल्या निम्म्या मुलांना वाटत होतं की एक वापरायची आणि दुसरी जादा, स्टेपनीसारखी. तसं नसतं. दोन्ही बॅटऱ्या एकाच वेळी कामाला जुंपलेल्या असतात आणि त्यांतली एक जरी बसली तरी सेल्फ मारल्यावर नुसता ‘टक्’ आवाज येतो.

बॅटरी बसली की पुढे काय होतं तेही ठरलेलं असतं. ड्रायव्हरने रात्री लाइट चालू ठेवले असणार, असं सगळे म्हणतात. मग धक्का मारायला कॅडेट्सना बोलावतात. दोन-चार वेळा असं झालं की दोन्ही बॅटऱ्या बदलून टाकतात. नव्या बॅटऱ्यांवर गाडी काही महिने बरी चालते आणि मग पुन्हा तेच, कारण वीज जिथून गळत होती तिथून ती अजूनही गळतच असते. ही गळती कशी शोधायची ते मी या लेखात सांगणार आहे. एक मल्टिमीटर, एक हायड्रोमीटर आणि एक पाना, एवढ्यावर हे काम होतं.

आमच्या शाळेच्या बसचं उदाहरण घेतो, कारण ते मी स्वतः पाहिलं आहे. ही बस स्टाफच्या मुलांना गावातल्या शाळेत नेते-आणते. शुक्रवारी दुपारी दोन वाजता ती शेडमध्ये लागते, ती एकदम सोमवारी सकाळी सहाला निघते. मागच्या नोव्हेंबरात सलग तीन सोमवार ती चालूच झाली नाही. आमच्याकडे त्या महिन्यात पहाटे चार-पाच डिग्री असतं. लहान मुलं कानटोप्या घालून गेटवर उभी राहिली आणि शाळेला उशीर झाला. गावातल्या एका गॅरेजवाल्याने येऊन मीटर लावला, २४.६ व्होल्ट आले, आणि तो म्हणाला की बॅटऱ्या तशा ठीक आहेत, लाइट चालू राहिले असतील, वाटल्यास दोन्ही बदलून टाका. त्याच दिवशी ऑफिसने ड्रायव्हरभैयांकडून लेखी खुलासा मागितला. भैया कॉन्ट्रॅक्टवर आहेत आणि दर मार्चमध्ये त्यांचं रिन्यूअल होतं. फाइलमध्ये असा कागद लागला की काय होऊ शकतं हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. ते एकच सांगत होते, मी लाइट बंद करूनच गेलो होतो. पण नुसत्या सांगण्याला पुरावा म्हणत नाहीत.

आमचा ऑटोमोबाइल हॉबी क्लब दर बुधवारी एमटी शेडमध्ये भरतो. तिथले उस्तादजी ईएमईमधून हवालदार म्हणून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी हा प्रश्न आम्हा पाच जणांपुढे ठेवला आणि सांगितलं, “नई बॅटरी की बात बाद में. पहले नापो.”

मोजण्याआधी दोन बॅटऱ्या का असतात ते पाहू. कारमध्ये १२ व्होल्टची एक बॅटरी पुरते. बसचं डिझेल इंजिन मोठं असतं, ते फिरवायला सेल्फला काही किलोवॅट लागतात. समजा ५ किलोवॅट. १२ व्होल्टवर त्यासाठी चारशेहून जास्त ॲम्पिअर वाहायला हवेत, २४ व्होल्टवर दोनशेच्या थोडे वर. करंट निम्मा झाला की त्याच वायरीत वाया जाणारी उष्णता एक चतुर्थांश होते, कारण ती करंटच्या वर्गावर अवलंबून असते. दहावीच्या ‘विद्युत’ धड्यातलं हे सूत्र आम्ही परीक्षेसाठी पाठ केलं होतं. बसच्या अंगठ्याएवढ्या जाड केबलकडे पाहून ते मला पहिल्यांदा खरं वाटलं.

म्हणून १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडतात. पहिलीचा निगेटिव्ह गाडीच्या बॉडीला जातो. पहिलीचा पॉझिटिव्ह एका छोट्या केबलने दुसरीच्या निगेटिव्हला जोडलेला असतो. दुसरीच्या पॉझिटिव्हवरून सगळ्या गाडीला २४ व्होल्ट मिळतात. बॉडीला जोडलेली ती ‘खालची’ बॅटरी आणि दुसरी ती ‘वरची’, अशी नावं उस्तादजी वापरतात. पेटीत दोन्ही एकाच पातळीवर असतात, वर-खाली हे फक्त व्होल्टेजच्या हिशेबाने.

आता यातली खरी गोम. सिरीजमध्ये दोन्ही बॅटऱ्यांतून एकच करंट वाहतो. खालचीतून जितका जातो तितकाच वरचीतून जातो. मग २४ व्होल्टवरची कुठलीही वस्तू चालू राहिली, हेडलाइट, टेललाइट, वायपर, काहीही, तर दोन्ही बॅटऱ्या सारख्याच उतरतील. एक भरलेली आणि एक रिकामी असं होऊच शकत नाही. तसं दिसलं तर कारण दोनांपैकी एकच: एक तर ती बॅटरी स्वतःच आजारी आहे, नाहीतर कोणीतरी फक्त तिच्यातूनच वीज घेतंय. म्हणून दोन बॅटऱ्यांच्या गाडीत बेरीज पाहून काहीच कळत नाही. फरक पाहावा लागतो.

पुढच्या सोमवारी बस परत बंद पडली तेव्हा तिला कोणी हात लावण्याआधी आम्ही प्रत्येक बॅटरी वेगळी मोजली. पीटीमधून सूट मिळाली होती, त्यामुळे पाचही जण हजर होते! वरची १२.७४ व्होल्ट, खालची ११.८६. बेरीज केली तर बरोबर २४.६०, म्हणजे गॅरेजवाल्याचा आकडा चुकीचा नव्हता. त्याने दोन बॅटऱ्यांची सरासरी पाहिली होती, एवढंच.

हे आकडे वाचायचे कसे? लेड-ॲसिड बॅटरीत सहा सेल असतात. काही तास आराम केलेली, पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पाव. ११.८ च्या आसपास ती रिकामीच समजायची. आराम महत्त्वाचा आहे. इंजिन नुकतंच बंद केलं असेल तर प्लेटांवर वरवरचा चार्ज असतो आणि मीटर खोटा आशावाद दाखवतो. थांबायला वेळ नसेल तर हेडलाइट दोन-तीन मिनिटं लावून बंद करावेत आणि मग मोजावं. मीटरची टोकं बॅटरीच्या शिशाच्या खांबावर टेकवायची, क्लॅम्पवर नाही. क्लॅम्प आणि खांब यांच्यामध्ये पांढरी-हिरवी बुरशी असेल तर तिथेच व्होल्टेज पडतं आणि आपण बॅटरीला नावं ठेवतो.

आता ड्रायव्हरभैयांचा हिशेब. बसचे दोन हेडलाइट ७० वॅटचे आहेत, म्हणजे १४० वॅट, २४ व्होल्टवर जवळजवळ ६ ॲम्पिअर. शुक्रवार दुपारपासून सोमवार सकाळपर्यंत ६४ तास होतात. बॅटऱ्या १०० ॲम्पिअर-अवरच्या. लाइट खरंच चालू राहिले असते तर शनिवारी सकाळपर्यंतच दोन्ही बॅटऱ्या पार झोपल्या असत्या. एका रात्रीपुरते राहिले असते तरी दोन्ही सारख्याच खाली आल्या असत्या. इथे वरची बॅटरी काठोकाठ भरलेली होती. एवढा एक आकडा भैयांच्या बाजूने पुरेसा होता, तरी उस्तादजींनी आम्हाला ऑफिसकडे जाऊ दिलं नाही. चोर सापडल्याशिवाय रिपोर्ट लिहायचा नाही, म्हणाले.

पहिला प्रश्न, खालची बॅटरी स्वतः आजारी होती का? याचं उत्तर हायड्रोमीटर देतो. काचेच्या नळीत सेलमधलं ॲसिड ओढून घ्यायचं आणि आतला तरंगता काटा कुठे बुडतो ते वाचायचं. भरलेल्या सेलचं आपेक्षिक घनत्व १.२६५ ते १.२८० असतं, रिकाम्याचं १.१२० च्या आसपास. सहाही झाकणं उघडून सहा वेळा वाचायचं, कंटाळा करायचा नाही. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० हून जास्त मागे असेल तर तो सेल गेला. सेल आतून शॉर्ट झाला असेल तर बॅटरी १०.५ व्होल्टवर अडकते, कारण सहातले पाचच सेल काम करत असतात. आमच्या खालच्या बॅटरीचे सहाही सेल १.१३५ आणि १.१४५ च्या दरम्यान निघाले. सगळे सारखेच उपाशी, त्यामुळे एका सेलचा दोष नव्हता. इथे उस्तादजींनी एक हिशेब दाखवला जो मला फार आवडला. घनत्वात ०.८४ मिळवले की एका सेलचं व्होल्टेज येतं. १.१४ अधिक ०.८४ म्हणजे १.९८, गुणिले सहा, ११.८८. मीटरने दाखवले होते ११.८६. एक यंत्र वीज मोजतं, दुसरं द्रवाची घनता, आणि दोघं एकच गोष्ट सांगतात.

बॅटरीच्या वरच्या भागावर धूळ आणि ॲसिडचा ओलावा असेल तर त्यातूनही थोडी गळती होते. मीटरचं एक टोक खांबावर आणि दुसरं नुसतं प्लास्टिकच्या झाकणावर ठेवलं आणि व्होल्ट दिसले, तर ते आहे असं समजावं. झाकणं घट्ट लावून खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसून घेतलं की जाते. आमच्या बसवर ते होतं, पण अगदी थोडं.

मग करंट मोजायची वेळ आली. इथे सावधगिरी हवी. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्यामुळे ठिणगी नको. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवायचं, डोळ्यांवर गॉगल. सोडताना नेहमी बॉडीचा निगेटिव्ह आधी आणि जोडताना तो सगळ्यात शेवटी, कारण पॉझिटिव्हवर लावलेला पाना बॉडीला टेकला तर तो पाना तिथेच चिकटून लाल होतो. मीटर १० ॲम्पिअरच्या सॉकेटवर लावायचा आणि तो मधे असताना चावी फिरवायची नाही. सेल्फ दोनशे ॲम्पिअर मागतो, मीटरचा फ्यूज दहाला उडतो. सगळं बंद करून, दारं लावून अर्धा तास थांबायचं, म्हणजे गाडीतली इलेक्ट्रॉनिक युनिट झोपतात. क्लॅम्प-मीटर असेल तर काही सोडावंच लागत नाही, पण तो डीसी मोजणारा हवा. घरगुती वायरमनकडे असतो तो बहुधा फक्त एसी मोजतो आणि इथे शून्य दाखवतो.

एका बॅटरीच्या गाडीत एकाच ठिकाणी मोजतात. दोन असतील तर दोन ठिकाणी मोजावं, आणि यातच सगळी मजा आहे. आधी आम्ही बॉडीचा निगेटिव्ह सोडून तिथे मीटर लावला: ०.६५ ॲम्पिअर. मग सगळं जोडून, दोन बॅटऱ्यांच्या मधली छोटी केबल सोडून तिथे लावला: ०.०३ ॲम्पिअर. बंद गाडीला ०.०३ म्हणजे ३० मिलिॲम्पिअर लागणं साधारण असतं, घड्याळ वगैरेसाठी. मधल्या केबलमधून ०.०३ जातंय आणि खालच्या बॅटरीतून ०.६५ निघतंय. बाकीचे ०.६२ ॲम्पिअर मधल्या सांध्यावरूनच कुठेतरी निघून जात होते. वरच्या बॅटरीला त्याचा पत्ताही नव्हता.

अशी गळती शोधायला लोक फ्यूज एकेक काढून पाहतात. चांगली रीत आहे, ज्या फ्यूजने आकडा पडतो त्या सर्किटमध्ये चोर. आम्ही सगळे फ्यूज काढले, आकडा हलला नाही. डायनॅमोची जाड वायरही सोडून पाहिली, कारण त्यातला एखादा डायोड खराब असेल तर रात्रभर उलटा करंट वाहतो. पण डायनॅमो २४ व्होल्टवर आहे, तिथली गळती दोन्ही बॅटऱ्यांना सारखी लागली असती. खरं तर मोजण्याचीही गरज नव्हती, पण रिपोर्टमध्ये लिहायला बरं, म्हणून केलं.

शेवटी आम्ही खालच्या बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर किती वायरी येतात ते मोजलं. एकच यायला हवी, मधली केबल. क्लॅम्पच्या बोल्टखाली आणखी एक बारीक लाल वायर दाबून बसवलेली होती, काळ्या टेपमध्ये गुंडाळून. ती फ्यूजबॉक्सकडे गेलीच नव्हती. सीटखालून सरळ मागे जाऊन कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरमध्ये शिरली होती.

बसमध्ये सप्टेंबरात कॅमेरे बसवले होते, मुलांच्या सुरक्षेसाठी. रेकॉर्डर १२ व्होल्टवर चालणारा होता आणि बस २४ ची. ज्याने तो बसवला त्याने सगळ्यात सोपा रस्ता घेतला: मधून वायर काढली की १२ व्होल्ट तयार! म्युझिक सिस्टिम, पंखा, मोबाइल चार्जर, सगळ्यांसाठी असं करता येतं आणि गाडी त्या दिवशी उत्तम चालते. रेकॉर्डर चावीवरही जोडलेला नव्हता, त्यामुळे शनिवार-रविवार रिकाम्या बसचं रेकॉर्डिंग चालू. अंधारात बघणाऱ्या कॅमेऱ्यांचे लालसर ठिपके रात्रीच्या चौकीदाराने पाहिले होते, पण ते तसेच असायचे असं त्याला वाटलं होतं.

०.६५ गुणिले ६४ तास म्हणजे ४१.६ ॲम्पिअर-अवर. खालच्या बॅटरीची जवळजवळ निम्मी ताकद एका वीकेंडला खर्च. वरचीतून तेवढ्याच वेळात गेले जेमतेम दोन. मग कोणीही विचारेल, आठवडाभर बस चालते तेव्हा डायनॅमो खालची भरून का काढत नाही? मला या सगळ्यातला सर्वांत समजून घेण्यासारखा भाग हाच वाटतो.

डायनॅमोला फक्त बेरीज दिसते. दोन्ही मिळून २८ व्होल्टच्या आसपास झाले की तो समजतो, झालं, आणि करंट कमी करतो. चार्जिंगचा करंटही दोघींतून सारखाच जातो. वरची आधीच भरलेली, तिला आणखी ढकललं की तिचं व्होल्टेज वर चढतं. इंजिन चालू ठेवून आम्ही मोजलं: वरची १५.१, खालची १३.१, बेरीज २८.२. डायनॅमोच्या दृष्टीने सगळं नीट. एका बॅटरीला चार्जिंगला १३.८ ते १४.४ हवेत. १५ च्या वर वरचीतलं पाणी उकळल्यासारखं बुडबुडे होऊन उडून जातं. १३.१ वर खालची कधीच भरत नाही आणि अर्धपोटी राहून राहून तिच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे कडक खडे जमतात. घरात एकाच ताटात दोन भावांना वाढलं, आणि ताट रिकामं झालं की दोघं जेवले असं धरलं, तर जसं होईल तसं. एक उपाशी, दुसऱ्याला अजीर्ण. दोन्ही बॅटऱ्या मरतात, वेगवेगळ्या रोगाने.

आणि याची खूण लॉगबुकमध्ये दोन महिन्यांपासून होती. ड्रायव्हरभैया दर शनिवारी बॅटरीचं पाणी बघून लिहून ठेवतात. ऑक्टोबरपासून त्यांच्या अक्षरात दर आठवड्याला एकच ओळ होती, एका बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घातलं, दुसरीत लागलं नाही. जिच्यात पाणी लागत होतं तीच वरची. ज्या माणसाने सगळ्यात आधी रोगाची नोंद केली त्याच्याकडूनच खुलासा मागितला गेला होता. उस्तादजींनी लॉगबुकची ती पानं आणि आमच्या आकड्यांचा तक्ता रिपोर्टला जोडून दिला. खुलाशाचा कागद फाइलमधून काढला गेला नाही, तो नियम नाही म्हणे, पण त्याच्या मागे आमचा रिपोर्ट लागला आणि ‘ड्रायव्हरचा दोष नाही’ असा शेरा आला. मार्चमध्ये रिन्यूअल झालं.

दुरुस्ती शोधण्यापेक्षा सोपी होती. रेकॉर्डरची वायर मधून काढून २४ चे १२ व्होल्ट करणारा कन्व्हर्टर बसवला, त्याला दोन्ही बॅटऱ्यांवरून वीज दिली आणि मधे फ्यूज टाकला. नुसता कन्व्हर्टर पुरला नसता. रेकॉर्डरला १२ व्होल्टवर ०.६२ लागतात, म्हणजे २४ व्होल्टवर निम्मे, कन्व्हर्टरची स्वतःची भूक धरून ०.३५. तेही ६४ तासांत प्रत्येक बॅटरीतून बावीस ॲम्पिअर-अवर खातात. फक्त भांडण मिटतं, गळती राहते. म्हणून चावी बंद केल्यावर अर्ध्या तासाने रेकॉर्डर बंद करणारा टायमरही लावला.

खालची बॅटरी बाहेर काढून १२ व्होल्टच्या चार्जरवर हळूहळू, रात्रभर चार्ज केली. आराम दिल्यावर १२.५ आले, आम्ही खूश झालो. पण बसमध्ये लावून सेल्फ मारताना मोजली तर ती ८ व्होल्टपर्यंत कोसळली. चांगली बॅटरी अशा वेळी ९.६ च्या खाली जाऊ नये. व्होल्टेज परत आलं तरी ताकद परत आली नव्हती. शेवटी डिसेंबरात दोन्ही बॅटऱ्या बदलाव्याच लागल्या, आणि दोन्हीच बदलाव्या लागतात. एक नवी आणि एक जुनी सिरीजमध्ये बसवली तर दोघींची भूक वेगळी राहते आणि वर सांगितलेलं ताटाचं गणित पहिल्या दिवसापासून सुरू होतं. मॉडेल एक, ॲम्पिअर-अवर एक, शक्य तर तयार झाल्याचा महिनाही एक.

पालकांपैकी ज्यांच्या गाडीत दोन बॅटऱ्या पॅरलल, म्हणजे पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह जोडलेल्या आहेत, त्यांनी हे सगळं उलटं वाचावं. तिथे १२ च व्होल्ट राहतात आणि ॲम्पिअर-अवर वाढतात. जोडलेल्या असताना दोघींचं व्होल्टेज नेहमी सारखंच दिसणार, फरक काही सांगणार नाही. त्यातली एक आतून बिघडली तर ती चांगलीलाच रात्रभर पिऊन टाकते. त्यामुळे दोघींना एकमेकींपासून सोडून, एक रात्र ठेवून, सकाळी वेगवेगळ्या मोजाव्यात. जी खाली आली ती आजारी. दोघीही जशाच्या तशा राहिल्या तर दोष गाडीच्या वायरिंगमध्ये शोधावा, आणि तिथे मीटर एकाच ठिकाणी लावून भागतं.

इलेक्ट्रिक कारमध्येही दोन बॅटऱ्या असतात हे मला माझ्या मामांमुळे कळलं. गाडी चालवणारी मोठी बॅटरी वेगळी, आणि लाइट, लॉक, कॉम्प्युटर यांच्यासाठी साध्या कारसारखी १२ व्होल्टची छोटी वेगळी. छोटी बसली तर मोठी ऐंशी टक्के भरलेली असूनही गाडी ‘ऑन’ होत नाही, कारण मोठीला जोडणारे स्विच छोटीच्या विजेवर चालतात. मामांनी नंतर बसवून घेतलेला डॅशकॅम पार्किंगमध्येही चालू राहतो. पुढच्या सुट्टीत घरी गेलो की त्याची वायर कुठून घेतली आहे ते आधी बघणार आहे. मोठ्या बॅटरीच्या नारिंगी केबलना मात्र हात लावायचा नाही. तिथे शेकडो व्होल्ट असतात आणि ते काम कंपनीच्या प्रशिक्षित माणसाचंच आहे.